मावशीची गोळी, बसची बॅटरी आणि मिठागर

कांजूरमार्गला मावशीकडे गेले की मी आधी मागच्या खिडकीशी जाते. सातव्या मजल्यावरून खाडीपर्यंतचा सगळा पट्टा दिसतो. माझ्या लहानपणी तिथल्या बांधांवर मिठाचे पांढरे ढीग लागलेले असायचे. आता बऱ्याच वाफ्यांत नुसतं पाणी असतं, आणि थंडीत पक्षी. गेल्या महिन्यात अशीच उभी होते. खिडकीच्या कट्ट्यावर मावशीचा फोन चार्जिंगला लावलेला आणि शेजारी तिच्या गोळ्यांची स्ट्रिप. लिथियम कार्बोनेट, ३०० मिलिग्रॅम, तिच्या बायपोलर या मानसिक आजारावरचं औषध. गोळीत लिथियम, फोनमध्येही लिथियम, आणि खिडकीबाहेर मीठ, म्हणजे लिथियमचं सख्खं भावंड असलेलं सोडियम.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लिथियम असतं साधारण ५६ मिलिग्रॅम, बाकीचं वजन कार्बोनेटचं. ५,००० मिलिअँपिअर-अवरच्या फोनच्या बॅटरीत लिथियम भरतं जवळजवळ दीड ग्रॅम. म्हणजे एका फोनमध्ये पंचवीसेक गोळ्यांचा ऐवज. मावशी दिवसाला तीन गोळ्या घेते, तेव्हा तिच्या आठ-नऊ दिवसांच्या औषधाएवढं लिथियम तिच्या फोनमध्येच आहे.

हल्ली लिथियमच्या बातम्या दोन्हीकडून येतात. विजेच्या गाड्या आणि सौरऊर्जेच्या बाजूनं येतात, तशाच स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनाच्या बाजूनंही. या बातम्या नीट वाचायच्या असतील तर लिथियम आणि सोडियमचं नातं आधी कळायला हवं. मला ते तळमळीनं सांगावंसं वाटतं, कारण त्या नात्यामुळेच दोन वर्षांपूर्वी मावशी मरता मरता वाचली.

आवर्त सारणीत लिथियम तिसऱ्या क्रमांकावर आहे. हायड्रोजन, हेलियम, मग लगेच लिथियम. सगळ्या धातूंत हलका. सोडियमचा तुकडा आम्ही कॉलेजात रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवतो. लिथियम मात्र रॉकेलवरही तरंगतं, इतकं ते हलकं. सारणीच्या उभ्या रांगेत लिथियमच्या बरोबर खाली सोडियम बसतं. दोघांच्याही अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो टाकून द्यायला दोघंही उतावीळ असतात. इलेक्ट्रॉन गेला की उरतो तो धन भार असलेला आयन. मिठात असतो तो सोडियमचा आयन. गोळीत आणि बॅटरीत असतो तो लिथियमचा. स्वभाव सारखा, चण वेगळी.

हे नातं माणसांच्या जिवावर कसं बेतू शकतं ते १९४९ मध्ये दिसलं. अमेरिकेत हृदयरोग्यांना मीठ बंद करायला सांगत, आणि बिनमिठाचं जेवण घशाखाली उतरेना म्हणून लिथियम क्लोराइड मिठाऐवजी वापरायला दिलं जाऊ लागलं. चवीला खारट, त्यामुळे लोकांनी सढळ हातानं घेतलं. विषबाधा झाल्या, काही जण दगावले आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं, उन्मादाच्या झटक्यात असलेल्या दहा रुग्णांना लिथियम दिल्यावर ते शांत झाले, असा निबंध छापला. त्यांतला पहिला रुग्ण अनेक वर्षं आजारी होता. तो बरा होऊन घरी गेला, आणि पुढे १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं गेला. औषध गुणकारी आहे हे कळलं होतं, पण रक्तात ते किती असावं आणि ते कसं मोजावं, हे अजून ठरायचं होतं.

मोजायची युक्ती निघाली ती ज्योतीतून. अकरावी-बारावीच्या मुलांना आम्ही हा प्रयोग दाखवतोच. तारेच्या टोकावर मिठाचा कण घेऊन बर्नरवर धरला की ज्योत पिवळीधमक होते. लिथियमचा कण धरला की कुंकवासारखी लाल. त्या लाल रंगाची तीव्रता मोजून रक्तातलं लिथियम काढणारी यंत्रं आली आणि मग हे औषध विश्वासानं देता येऊ लागलं. अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळाली १९७० मध्ये.

ज्योतीला हा फरक चटकन कळतो. आपल्या मूत्रपिंडाला तो नीट कळत नाही, आणि सगळी मेख इथंच आहे.

मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत आत घेतात. सोडियम शरीराला फार मोलाचं, म्हणून तेही जवळजवळ सगळं वेचून परत घेतलं जातं. लिथियम आलं की वेचणाऱ्या नळ्या त्यालाही सोडियमच समजतात. गाळून आलेल्या लिथियमपैकी सुमारे ८० टक्के असं सोडियमच्या रांगेतून पुन्हा रक्तात शिरतं. उरलेलं लघवीवाटे जातं, आणि रोजच्या गोळीतून तेवढंच भरून निघतं. हा तोल सांभाळला की औषध काम करतं.

आता समजा, शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं. मूत्रपिंड घाबरून सोडियम अधिक घट्ट धरून ठेवतं, आणि सोडियम समजून लिथियमही. गोळ्या तेवढ्याच, पण बाहेर जाणारं लिथियम घटतं आणि रक्तातलं वाढत जातं. एरवी औषधाच्या मात्रेत दहा-वीस टक्क्यांचा फरक पडला तर फारसं बिघडत नाही. लिथियमचं तसं नाही. रक्तात ते साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट (हे रक्तातल्या क्षारांचं प्रमाण सांगायचं एकक) प्रति लिटर असावं लागतं. दीडच्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि दोनच्या पुढे जिवाला धोका. औषध आणि विष यांच्यात इतकं कमी अंतर असलेली औषधं थोडीच.

मावशीचं काय झालं ते सांगते. मे महिना होता. तिचं बीपी वाढलेलं निघालं. जवळच्या एका डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलं आणि लघवी जास्त होण्याची गोळी सुरू केली. ती लिथियम घेते हे तिनं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मानसिक आजाराचं औषध नव्या माणसासमोर काढायला ती बावीस वर्षांनंतरही कचरते. त्यातच गुडघा दुखत होता म्हणून केमिस्टकडून दुखण्याची गोळी आणून ती रोज घेत होती. मीठ तुटलेलं, लघवीची गोळी चालू, दुखण्याच्या गोळीनं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटलेला, आणि वर मुंबईतला मे. चारही गोष्टींनी एकाच दिशेनं ओढ दिली.

दहाव्या दिवशी मी सकाळी गेले तर तिच्या हातातली कपबशी खडखड वाजत होती. चहा निम्मा बशीत. हात थोडा थरथरणं लिथियमवर असलेल्यांना नवीन नसतं, पण ही थरथर मोठी होती, धसमुसळी. दोन दिवस जुलाब चालले होते. "अगं, झोप झाली नाही नीट," एवढंच वाक्य, पण ते तिच्या जिभेवरून घरंगळत आलं. उठून चालायला लागली तर भिंतीचा आधार घेत. शेजारच्या काकूंना वाटलं लकवाच आहे. हॉस्पिटलात रक्त तपासलं, लिथियम २.३ निघालं.

उपचार काय केला? लिथियम आणि त्या दोन्ही गोळ्या थांबवल्या आणि सलाईन लावलं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच. मूत्रपिंडाला पुरेसं सोडियम आणि पाणी मिळालं की ते घट्ट धरलेली मूठ सोडतं, आणि लिथियम बाहेर जाऊ लागतं. चौथ्या दिवशी ती स्वतः कप धरून चहा प्यायली.

म्हणून ज्यांच्या घरात कुणी लिथियम घेतं त्यांना हात जोडून सांगते. गोळी स्वतःहून बंद करू नका. ती एकदम बंद केली तर आजार उसळून येतो. पण मीठ अचानक तोडू नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ताप येऊन खाणंपिणं तुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात, तेव्हा प्रत्येक नव्या डॉक्टरांना 'लिथियम चालू आहे' हे पहिलं वाक्य सांगा. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते, नाहीतर आकडा फसवा येतो. मूत्रपिंड आणि थायरॉइडही अधूनमधून तपासायला हवेत. आणि पाणी. आपल्या शहरात कामावर जाणाऱ्या कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसते. लिथियमवर असलेल्या बाईसाठी ती सवय धोक्याची आहे.

एवढा जाच असताना हे औषध द्यायचंच कशाला, असं मलाही एके काळी वाटायचं. त्याचं उत्तर मावशीच्या बावीस वर्षांत आहे. या काळात तिनं नोकरी पुरी केली, मुलगी वाढवली. बायपोलर आजारात मन कधी उधाणावर जातं तर कधी तळाला, आणि तळाच्या वेळी आत्महत्येचा धोका असतो. तो धोका कमी करणारं औषध म्हणून लिथियमच्या बाजूनं जेवढा भक्कम पुरावा आहे, तेवढा फार थोड्या औषधांना लाभलाय. पेशीच्या आत ते नेमकं काय करतं हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. एक धागा मात्र पक्का आहे. लिथियमचा आयन आकारानं मॅग्नेशियमच्या आयनाच्या जवळचा असतो, तो मॅग्नेशियमच्या जागी बसून जीएसके-३ नावाच्या एंझाइमचा जोर कमी करतो. मूत्रपिंडात सोडियमशी गल्लत, मेंदूत मॅग्नेशियमशी. या धातूचं सगळं काम दुसऱ्याच्या जागेत शिरून चालतं.

याच धाग्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मोठं संशोधन आलं. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या ब्रूस यांकनर यांच्या गटानं मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतले २७ धातू मोजले. स्मृतिभ्रंशाची नुकती सुरुवात झालेल्यांच्या मेंदूत ठळकपणे घटलेला धातू एकच होता, तो लिथियम. हे औषधातलं लिथियम नव्हे. अन्नपाण्यातून सगळ्यांच्याच शरीरात अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं, ते. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्या होतात, त्या लिथियम पकडून ठेवतात आणि आजूबाजूच्या पेशी उपाशी राहतात, असं त्यांना दिसलं. उंदरांचं अन्नातलं लिथियम तोडल्यावर गुठळ्या वाढल्या आणि स्मरणशक्ती घसरली. त्या गुठळ्यांत सहज न अडकणारं लिथियम ऑरोटेट अगदी थोड्या मात्रेत दिल्यावर उंदीर सुधारले.

बातमी आली त्या आठवड्यात माझ्या दोन सहकाऱ्यांनी लिथियम ऑरोटेटच्या गोळ्यांची जाहिरात मला पाठवली. घरी वडील विसराळू झालेत, मागवू का? मी दोघांनाही नको म्हटलं. उंदरांत यशस्वी झालेलं अल्झायमरचं औषध माणसांत फसल्याची उदाहरणं ढिगानं आहेत. आणि सत्तरीतल्या माणसाला, ज्याचं मूत्रपिंड थकलेलं असतं, जो बीपीची गोळी घेतो आणि पाणी कमी पितो, त्याला कुणाच्या देखरेखीशिवाय लिथियम देणं म्हणजे मावशीच्या त्या मे महिन्याला आमंत्रण. ही दिशा आशेची आहे, मला स्वतःला तिचं फार कुतूहल आहे. पण माणसांवरच्या चाचण्या होईपर्यंत हे औषध नाही.

आता बॅटरीकडे वळते. इराण्याच्या बेकरीतली खारी डोळ्यासमोर आणा, पापुद्र्यावर पापुद्रा. लिथियम-आयन बॅटरीच्या एका टोकाला असते ग्रॅफाइटची खारी, कार्बनचे एकावर एक पापुद्रे. दुसऱ्या टोकाला धातूच्या संयुगाची अशीच पोकळ्या असलेली रचना. मध्ये द्रवरूप माध्यम आणि सच्छिद्र पडदा. चार्ज करताना लिथियमचे आयन द्रवातून पोहत जाऊन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत शिरतात. फोन वापरायला लागलो की ते परत फिरतात. त्यांनी टाकलेले इलेक्ट्रॉन द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्यांना बाहेरच्या तारेनंच जावं लागतं, आणि त्या प्रवासात ते स्क्रीन उजळतात किंवा बसची मोटर फिरवतात. काही जळत नाही, झिजही फार थोडी. आयन छोटा आणि हलका, म्हणून कमी वजनात पुष्कळ वीज साठते.

ही कल्पना स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत टप्प्याटप्प्यानं उभी केली, १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. मला मात्र वर्गात १९९७ चा एक निबंध सांगायला आवडतो. लोह आणि फॉस्फेटची, म्हणजे आज ज्याला एलएफपी म्हणतात ती बॅटरी त्यातून आली, आणि गुडइनफ यांच्यासोबत त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. या रचनेत ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो की बॅटरी तापली तरी तो सहज सुटत नाही, त्यामुळे आग भडकण्याचा धोका कमी. शिवाय महागडं कोबाल्ट लागत नाही.

बेस्टच्या ताफ्यात २०२३ मध्ये विजेवरची डबल डेकर आली. अशा मोठ्या बसच्या बॅटरीत दोनेकशे युनिट वीज मावते आणि तेवढ्यासाठी लिथियम लागतं पंधरा ते वीस किलो. मावशीच्या गोळ्यांच्या हिशोबात तीन लाख गोळ्या. पण बसपेक्षाही मोठी गरज आहे रात्रीची. सौर पॅनल दुपारी वीज देतात आणि आपली मागणी चढते संध्याकाळी, दिवे-पंखे-एसी लागल्यावर. दुपारची वीज संध्याकाळसाठी धरून ठेवायला प्रचंड बॅटऱ्या लागतील. २०१० मध्ये बॅटरीतल्या एका युनिटमागे हजार डॉलरहून जास्त खर्च यायचा, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला, म्हणून आता हे शक्यतेच्या टप्प्यात आलंय.

एवढं लिथियम येतं कुठून? ऑस्ट्रेलियात खडक फोडून. आणि चिलीत, अटाकामाच्या वाळवंटात, जमिनीखालचं खारं पाणी उपसून. ते पाणी मोठमोठ्या उथळ वाफ्यांत सोडतात आणि वर्षभराहून अधिक काळ उन्हात आटवतात. आधी मीठ खाली बसतं, ते काढतात, उरलेलं पाणी पुढच्या वाफ्यात. शेवटी पिवळसर दाट द्रावण उरतं, त्यात लिथियम. त्याचे फोटो मी मावशीला दाखवले तर ती म्हणाली, "हे तर आपलं मिठागरच की!" अगदी खरं आहे. आगरी माणसांनी भरतीचं पाणी बांधांत अडवून पिढ्यानपिढ्या जे केलं, तीच ही पद्धत. आपल्याकडे २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टनांच्या साठ्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला, पण तो आकडा खनिजाचा आहे, शुद्ध लिथियमचा नव्हे, आणि तिथून बॅटरीपर्यंतची वाट लांब आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सोडियम असतं अकरा ग्रॅमच्या आसपास आणि लिथियम एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. मग भावंडालाच कामाला लावलं तर? मूत्रपिंड चुकून करतं ती अदलाबदल इथं शास्त्रज्ञ जाणूनबुजून करत आहेत.

सोडियम-आयन बॅटरीची रचना तीच, पोहणारा आयन फक्त बदलला. अडचण ही की ग्रॅफाइटच्या खारीत सोडियम नीट बसत नाही. नुसता आकार मोठा म्हणून नव्हे, कारण त्याहून मोठं पोटॅशियम तिथं शिरतं. सोडियमचं आणि ग्रॅफाइटचं मुळात जुळतच नाही. म्हणून वेड्यावाकड्या पापुद्र्यांचा 'हार्ड कार्बन' वापरतात, आणि तो नारळाच्या करवंटीपासूनही करता येतो. दुसरा फायदा तांब्याचा. लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचीच पातळ पट्टी लागते, सोडियमला दोन्हीकडे स्वस्त ॲल्युमिनियम चालतं. सोडियमही थेट मिठातून येत नाही, ते सोडा ॲशमधून, म्हणजे सोडियम कार्बोनेटमधून येतं. पण सोडा ॲश आपल्याकडे गुजरातेतल्या मिठापूरला मिठापासूनच बनतो.

तोटा वजनाचा. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, तेव्हा तेवढ्याच विजेसाठी बॅटरी मोठी आणि जड होते. फोनमध्ये ती मला लवकर दिसेल असं वाटत नाही. पण सोसायटीच्या तळमजल्यावर सौर वीज साठवायची असेल तर वजनाचा काय त्रास? रिक्षालाही चालेल. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीनं २०२१ मध्ये अशी बॅटरी जाहीर केली. रिलायन्सनं ब्रिटनची फॅरेडिऑन ही कंपनी विकत घेतली. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं २०२३ मध्ये आपलं तंत्र पुढे आणलं, आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रानं २०२५ मध्ये सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणारी सोडियम-आयन बॅटरी केल्याचं सांगितलं. मध्यंतरी लिथियमचे भाव कोसळले आणि सोडियमच्या स्वस्ताईची धार बोथट झाली, हेही खरं. पण भाव पुन्हा चढतात. आणि सोडियमसाठी कुणा दुसऱ्या देशाकडे पाहावं लागत नाही.

मावशी आता फ्रिजवर एक कागद चिकटवून ठेवते. त्यावर दर तपासणीची तारीख आणि आकडा. खाली तिच्याच अक्षरात: 'मीठ रोजच्याएवढंच. पाणी. दुखण्याची गोळी विचारून.' परवाचा आकडा ०.७ आहे.